फ्लेक्सचे पैसे गॅसच्या नळीला द्या

प्रश्न थोडक्यात असा आहे: सांगली जिल्ह्याच्या वाळवा तालुक्यातल्या एका साखर कारखान्याच्या सेवाभावी ट्रस्टला मोठ्या माणसांच्या भाजण्याच्या अपघातांवर जनजागृती मोहीम घ्यायची आहे. पैसे बेताचे, वेळ एका हंगामाचा. गावोगाव फ्लेक्स, रिक्षावर भोंगा, शाळेच्या मुलांची प्रभातफेरी आणि शेवटी डॉक्टरांचं व्याख्यान असा आराखडा तयार आहे. त्यात काय सुधारणा करावी, एवढंच विचारलंय.

मी याच जिल्ह्यात सरकारी रुग्णालयाच्या जळीत कक्षात इन्चार्ज सिस्टर होते. निवृत्त झाल्यापासून आशाताई आणि बचत गटांबरोबर याच विषयावर काम करते. मला विचाराल तर या आराखड्यात सुधारणा करत बसू नका, तो बाजूला ठेवा. राग मानू नका, कारण पुढे सांगते.

विस्तवाने भाजतं हे माहीत नसलेला एकही माणूस माझ्या वॉर्डात आला नाही. सगळ्यांना माहीत होतं. पण गॅसची नळी चिरलेली होती आणि नवी आणायची राहून गेली होती. शेतीची लाइट रात्रीच्या पाळीची, मध्यरात्री फ्यूज गेला, पिकाला पाणी पाहिजे आणि लाइनमनचा फोन लागेना. पेटलेला फड शेजाऱ्याचा होता. अशा माणसाला ‘आगीपासून सावध राहा’ म्हणून सांगणं म्हणजे पुरात उभ्या असलेल्याला पाणी ओलं असतं हे सांगण्यासारखं आहे. फ्लेक्स हेच करतो. म्हणून माझा पहिला नियम असा की माणसाला शहाणपण शिकवण्याआधी त्याच्या हातातली वस्तू आणि त्याच्या कामाची जागा बदलता येते का ते बघायचं. जिथे ते जमत नाही तिथेच बोलायचं. बोलायचं तेही एका धंद्याशी, एका हंगामात, एकच गोष्ट.

वस्तू बदलून काय होतं याचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण श्रीलंकेतलं आहे. तिथे गरीब घरांत टाकाऊ बाटल्यांचे रॉकेलचे दिवे असायचे. ते लवंडायचे, रॉकेल सांडायचं आणि घरं पेटायची. डॉ. विजया गोडाकुंबुरा नावाच्या शल्यविशारदांनी १९९२ साली या कामाला सुरुवात केली आणि बुटका, जड, दोन बाजूंनी चपटा, फिरकीच्या झाकणाचा दिवा तयार केला. पडला तरी घरंगळत नाही आणि रॉकेल सांडत नाही. त्यांनी लोकांना दिवा सांभाळून वापरा असं नुसतं सांगितलं नाही, सांभाळावाच लागणार नाही असा दिवा हातात दिला. १९९८ साली त्यांना रोलेक्स पुरस्कार मिळाला. आपल्याकडे रॉकेलचा स्टोव्ह मागे पडल्यावर पंपाच्या स्टोव्हचे भडके जसे कमी होत गेले, त्यातही मोठा वाटा वस्तू बदलण्याचाच आहे.

तुमच्या भागात बदलण्यासारखी पहिली वस्तू म्हणजे गॅसची रबरी नळी. चांगल्या, आयएसआय शिक्क्याच्या सुरक्षा नळीची मुदत पाच वर्षं असते आणि ती नळीवर छापलेली असते. कुठल्याही वाडीत जाऊन दहा घरांतल्या नळ्या बघा, मुदत संपलेल्या किती सापडतात ते तुमचं तुम्हालाच कळेल. उज्ज्वला योजना १ मे २०१६ ला सुरू झाली, त्यामुळे सुरुवातीच्या जोडण्यांबरोबर आलेल्या नळ्यांची मुदत केव्हाच उलटून गेली आहे. शिवाय या घरांत बऱ्याचदा शेगडी जमिनीवर आणि शेजारीच पेटती चूल असते. एलपीजी हवेपेक्षा जड आहे, गळला की तो वर न जाता जमिनीलगत पसरतो, म्हणजे थेट चुलीकडे. रात्रभर गळत राहिला आणि पहाटे उठून कुणी काडी ओढली किंवा दिव्याचं बटण दाबलं की भडका. म्हणून शेगडी ओट्यावर घ्यायची, किमान पक्क्या टेबलावर, आणि सिलिंडर तिच्याहून खाली, उभा. ओटा नसलेल्या घरांना ट्रस्टने कडाप्प्याची एक फरशी आणि चार विटांचे खांब करून दिले तर तीच मोहीम.

नळ्या वाटायच्या कशा, यावर माझं एक आवडतं उत्तर आहे. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत गावोगाव हळदीकुंकू चालतं. वाण म्हणून प्लास्टिकचे डबे आणि स्टीलच्या वाट्या दिल्या जातात, त्या कपाटात पडून राहतात. बचत गटांना सांगा, यंदा वाण म्हणून गॅसची नळी. आधी बायका हसतील. पण वाण म्हणून घरात आलेली वस्तू परत जात नाही, आणि नळी आली की ती बसवायला कुणीतरी जाणकार माणूस घरात येतो. तो आला की रेग्युलेटर आणि आतला वॉशर बघून घेतो. तिथेच दोन वाक्यं सांगून होतात: रात्री झोपताना रेग्युलेटर बंद करायचा, वास आला तर कुठलंच बटण दाबायचं नाही, चालू करायलाही नाही आणि बंद करायलाही नाही, दारं-खिडक्या उघडायची, घराबाहेर पडायचं आणि १९०६ ला फोन करायचा. गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणूनच त्यात उग्र वासाचं रसायन घातलेलं असतं, एवढं सांगितलं तरी वासाकडे दुर्लक्ष करण्याची सवय मोडते.

आता तुमची स्वतःची जागा, म्हणजे कारखाना. तुम्ही भोंग्याची रिक्षा गावात फिरवणार आणि कारखान्याच्या यार्डात तासन्‌तास नंबर लावून बसलेले ट्रॅक्टरवाले तसेच मोकळे सोडणार. भाजण्याच्या बाबतीत ट्रॅक्टर ड्रायव्हरला दोन मोठे धोके आहेत. पहिला रेडिएटरचा. इंजिन तापलं की पठ्ठ्या झाकण फिरवतो आणि दाबाखालचं उकळतं पाणी तोंडावर, छातीवर, हातांवर येतं. इंजिन बंद करून ते पूर्ण गार होऊ द्यायचं, मगच जाड फडकं घेऊन झाकणाला हात लावायचा. दुसरा धोका वरच्या तारांचा. डबल ट्रॉलीवर ऊस उंच रचलेला असतो, वर बसलेला माणूस लोंबकळणारी तार काठीने उचलतो. ११ केव्हीच्या तारेला प्रत्यक्ष हात लागायलाही लागत नाही, जवळ गेलं तरी ठिणगी उडी मारते.

वीजेचं भाजणं बाहेरून फसवं असतं. तळहाताला एक काळा डाग आणि पायाला दुसरा, मधलं अंग साफ. नातेवाईक म्हणतात, सिस्टर, थोडंच लागलंय. पण वीज आतून स्नायू जाळत गेलेली असते. दोन दिवसांनी हात काळानिळा पडतो, कितीतरी जणांचा कापावा लागतो. हृदयाचे ठोके बिघडतात ते वेगळंच. म्हणून वीजेचा झटका लागलेल्या माणसाला, तो चालत-बोलत असला तरी, दवाखान्यात नेऊन हृदयाचा आलेख काढायलाच हवा. आणि त्याला सोडवताना आधी वीज बंद करायची. उच्च दाबाच्या तारेजवळ तर काठी घेऊनही जायचं नाही. महावितरणला १९१२ वर कळवायचं आणि लोकांना लांब ठेवायचं.

यार्डात ड्रायव्हरांशी बोलाच, पण त्याहून मोलाचं काम त्यांच्याकडूनच करून घ्या. कुठल्या रस्त्यावर कुठल्या वळणाला तार खाली आली आहे हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं. शेती खात्याच्या चिटबॉयला, म्हणजे उसाच्या नोंदी ठेवणाऱ्या कर्मचाऱ्याला, वही द्या, ज्याला जी जागा आठवेल ती लिहून घ्या, यादी महावितरणच्या उपविभागात कारखान्याच्या लेटरहेडवर द्या आणि पोच घ्या. एकट्या शेतकऱ्याच्या अर्जापेक्षा कारखान्याचं पत्र लवकर हलतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. एक तार वर ओढली गेली की तेवढ्या जागेपुरती ड्रायव्हरच्या हुशारीची गरजच राहत नाही.

डीपीवर, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवर, चढून फ्यूज घालणाऱ्यांसाठी सगळ्या गावाला व्याख्यान देऊ नका. प्रत्येक गावात हे काम करणारी दोन-चारच माणसं असतात, लोक त्यांना झिरो वायरमन म्हणतात, आणि ती कोण हे सगळ्यांना ठाऊक असतं. सरपंचांकडून नावं घ्या, त्या तेवढ्याच माणसांना महावितरणच्या माणसासमोर बसवा. ‘चढू नका’ म्हणून ते थांबणार नाहीत, कारण रात्री शेतकरी त्यांच्याच दारात येऊन उभा राहतो. रात्रपाळीच्या लाइनमनचा चालणारा नंबर गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पिन करून ठेवणं आणि तो फोन उचलला जातो की नाही हे ट्रस्टने अधूनमधून तपासणं, याचा उपयोग जास्त.

पाचटाचं थोडं सविस्तर बोलते, कारण इथे कारण आणि अपघात यांच्यामध्ये भाऊबंदकी उभी असते. तोडणी झाली की पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, पेटवतात, वारा फिरतो आणि आग शेजारच्या उभ्या उसात जाते. जळीत ऊस कारखाना कपात लावून घेतो, म्हणजे शेजाऱ्याचं रोख नुकसान. ते भरून द्यावं लागेल, बांधावर मारामारी होईल, पोलीस पाटलांपर्यंत जाईल, या धास्तीने म्हातारा माणूस हातात ओली फांदी घेऊन आगीत शिरतो. धुराने घुसमटतो, पडतो आणि धोतराला आग लागते. यातले पुष्कळ जण साठीच्या पुढचे असतात, कारण पाचट पेटवायचं काम घरातल्या म्हाताऱ्याकडे असतं. या माणसाला ‘आगीत शिरू नका’ हे ऐकू येत नाही, त्याला फक्त शेजारी दिसत असतो. तुमचा ट्रस्ट ज्या कारखान्याचा आहे, त्याच्या हातात यावर खरा इलाज आहे: पाचट कुट्टीचं यंत्र कमी भाड्याने देणं, आणि पाचटाच्या आगीने शेजारचा ऊस पेटला तर तो कपात न लावता आधी तोडण्याचा निर्णय. संचालक मंडळाला हे पटवणं अवघड आहे, मान्य. पण तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, दहा हजार पत्रकांपेक्षा हा एक ठराव जास्त माणसं वाचवेल.

ऊसतोड मजुरांच्या कोप्यांकडे तर मोहिमा जातच नाहीत. ती माणसं बीडकडची, मतदारयादीत इथली नाहीत, आशाताईंच्या नोंदीत नाहीत. उसाच्या वाढ्यांची आणि ताडपत्रीची झोपडी म्हणजे कोपी, आत चूल, पहाटे अंधारात भाकऱ्या करायची घाई. एक ठिणगी पडली की कोपी उभी जळते आणि शेजारच्या चार घेऊन जाते. इथे बोलायचं मुकादमाशी. कोप्यांची रांग वाऱ्याच्या दिशेत नको, दोन कोप्यांत अंतर हवं, चूल कोपीच्या बाहेर पत्र्याच्या आडोशाला हवी, प्रत्येक रांगेला पाण्याचं भरलेलं पिंप हवं, आणि उजेडासाठी दिवा-मेणबत्तीऐवजी छोटा सौर कंदील. हे सगळं टोळ्या उतरायच्या आधी, ऑक्टोबरच्या शेवटी व्हायला हवं. त्यांच्यात बंजारा कुटुंबंही असतात. मोबाइलवर ऑडिओ पाठवायचा तर त्यांच्यातल्याच एखाद्या बाईच्या आवाजात, त्यांच्या बोलीत करा. तसंच जत तालुक्यात काम पसरवलंत तर तिथल्या सीमेकडच्या गावांत कानडी लागेल, मराठी पत्रकं गठ्ठ्याने परत येतील.

काळवेळेचं भान मोहिमांना का नसतं, याचं मला नेहमी नवल वाटतं. अग्निशमन सप्ताह १४ ते २० एप्रिल. त्याला थोर कारण आहे: १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला आणि ६६ अग्निशामक जवानांनी प्राण दिले. त्यांना वंदन करावंच. पण तोवर आपल्याकडे बहुतेक कारखान्यांच्या गव्हाणी बंद, म्हणजे गळीत संपलेलं असतं, टोळ्या परतलेल्या असतात, हळद बरीचशी शिजून झालेली असते. सांगली-साताऱ्याचं भाजण्याचं पंचांग वेगळं आहे. दिवाळीला फटाके, आणि त्याच सुमारास गळीत सुरू. थंडीत शेकोटी, बंब आणि बाळंतिणीची शेगडी. माघ-फाल्गुनात हळद शिजवणं. उन्हाळ्यात लग्नसराई, म्हणजे आचाऱ्यांच्या मोठ्या कढया आणि व्यावसायिक सिलिंडरच्या रांगा. पावसाळ्यात ओल्या मोटारी आणि स्टार्टर. ज्या महिन्यात जे जळतं, त्याच्या पंधरा दिवस आधी तेच बोलायचं.

हळद शिजवण्याची पद्धत बदलली आणि धोकाही बदलला. पूर्वी काहिलीत पाला घालून शिजवायचे, तेव्हा उकळतं पाणी अंगावर यायचं. आता ट्रॉलीवरचा वाफेचा कुकर शेतोशेत फिरतो. वाफ कोंडलेली असताना ड्रमचं झाकण उघडणं, पाइपचा जोड निसटणं, पाणी आटलेल्या तापल्या टाकीत गार पाणी ओतणं, हे त्याचे अपघात. शेतकरी वर्षातून एकदा हळद शिजवतो. कुकरवाला हंगामभर तेच करतो. म्हणून पकडायचं कुकरवाल्याला: दाबाचा काटा चालू आहे का, सुरक्षा झडप अडकलेली नाही ना, झाकण उघडणाऱ्याच्या हातात कोपरापर्यंतचे मोजे आहेत का. तालुक्यातले कुकरवाले मोजके असतात, त्यामुळे एका बैठकीत काम होतं. गुऱ्हाळाचंही तसंच. उकळता गुळाचा पाक पाण्याच्या उकळबिंदूच्या बराच वर, एकशेपंधरा अंशांच्या पुढे असतो आणि अंगाला चिकटून बसतो. तो पुसायला जाऊ नये, कातडी सोबत निघते. वरून पाणी ओतत राहायचं. काहिलीभोवतीची जमीन ओली-चिकट ठेवायची नाही आणि गुळव्याने अनवाणी उभं राहायचं नाही, एवढ्यावरच बरंच निभावतं.

घरातल्या ज्या गोष्टी कुठल्याच पोस्टरवर नसतात त्या सांगते. फिट येणारी बाई चुलीपुढे एकटी बसते. तिला फिट येते आणि ती चुलीतच पडते, भानावर येईपर्यंत हात किंवा चेहरा जळालेला असतो. तिच्यासाठी संदेश आगीबद्दलचा नाही, फिटची गोळी रोज घेण्याबद्दलचा आणि स्वयंपाक दुसऱ्याने करण्याबद्दलचा आहे. मधुमेहाने पाय बधिर झालेले आजोबा गरम पाण्याच्या पिशवीने शेकत बसतात, पोळलेलं कळतच नाही आणि जखम महिनोन्‌महिने चिघळते. त्यांनी पायाला शेक घ्यायचाच नाही. बाळंतिणीच्या बाजेखाली ओव्या-वावडिंगाच्या धुरीची शेगडी ठेवतात. थकलेली पोर झोपी जाते, लुगड्याचा किंवा गोधडीचा सोगा खाली लोंबतो. आजेसासूशी वाद घालण्यात अर्थ नाही, धुरी झाली की शेगडी खोलीबाहेर न्यायची आणि तोवर कुणीतरी जागं बसायचं, इतकं ती मान्य करते. आणि बंब. साठ अंशांच्या पाण्याने पाचएक सेकंदांत खोल भाजतं, सत्तरला एका सेकंदात. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्याने १९८३ साली नव्या गिझरचं तापमान सुमारे ४९ अंशांवर ठेवायचा कायदाच केला. आपल्या तांब्याच्या बंबाला कुठला कायदा लावणार? तिथे एक सवय लावता येते: बादलीत आधी विसण, म्हणजे गार पाणी, मग कढत पाणी.

आता ज्या एका गोष्टीसाठी खरोखर बोलावं लागतं, कारण तिथे वस्तू बदलून भागत नाही, ती म्हणजे भाजल्यानंतरची पहिली वीस मिनिटं. भाजलं की लगेच वाहत्या साध्या गार पाण्याखाली वीस मिनिटं. बर्फ नको. बांगड्या, अंगठ्या, जोडवी, घड्याळ लगेच काढायचं, नंतर सूज येते. चिकटलेलं कापड ओढायचं नाही. मग स्वच्छ कापडाने सैल झाकायचं आणि निघायचं. उशीर झाला असला तरी तीन तासांच्या आत ओतलेल्या पाण्याचा उपयोग होतो. फार मोठा भाग भाजला असेल, किंवा माणूस म्हातारा असेल, तर बाकीचं अंग पांघरुणाने उबदार ठेवायचं. अंगावरचे कपडे पेटले तर पळायचं नाही. जमिनीवर आडवं होऊन लोळायचं, दुसऱ्याने वाकळ किंवा घोंगडं टाकून दाबायचं.

वीस मिनिटं हा फार मोठा वेळ वाटतो, आणि माणसं दोन तांबे ओतून थांबतात. म्हणून सांगताना घड्याळ दाखवा. मी बायकांच्या बैठकीत एकीचा हात खरोखर नळाखाली धरायला लावते आणि बाकीचं बोलणं तेवढ्यात उरकते. वीस मिनिटं म्हणजे किती हे त्यांना तेव्हा उमगतं. आटपाडी-जतला, साताऱ्यात माण-खटावला हे सांगायला गेलात तर उन्हाळ्यात टँकरच्या रांगेतली बाई विचारेल की वीस मिनिटांचं पाणी कुठलं आणू. प्रश्न रास्त आहे, उत्तर तयार ठेवा. भाजलेल्या भागाखाली घमेलं धरून स्वच्छ पाणी तांब्याने हळूहळू ओतायचं. तेवढंही नसेल तर ओलं सुती कापड ठेवायचं आणि ते तापलं की पुन्हा भिजवून बदलायचं.

आणि हळद. जिच्या जीआय मानांकनाचा आपल्याला अभिमान आहे त्या सांगलीच्या हळदीबद्दल इथल्याच बायकांना ‘भाजल्यावर लावू नका’ म्हणून सांगायचं, म्हणजे काय प्रसंग! टूथपेस्ट, शाई, तूप, बटाट्याचा कीस, चुना, अंड्याचा बलक, सगळं मी जखमांवरून धुऊन काढलं आहे. ते काढताना माणूस ओरडतो, आणि पिवळ्या थराखाली किती खोल भाजलंय ते डॉक्टरला दिसत नाही. पण ‘हळद वाईट’ म्हटलं की सभा संपलीच. मी म्हणते, ‘पाणी आधी, आणि डॉक्टरांनी बघेपर्यंत वर काही नाही.’ हळदीचं नावच काढत नाही. कुणीतरी विचारतंच, मग तिलाच विचारते की मिरचीचा डाग पडलेली साडी बघायची असेल तर वर आणखी रंग ओताल का. हसतात, पण लक्षात राहतं. गावात झाडपाल्याचं औषध देणारे असतात, त्यांच्याशी भांडू नका. ‘तुमच्याकडे आलेल्याला आधी वीस मिनिटं पाण्याखाली धरा आणि तळहातापेक्षा मोठं असेल तर पुढे पाठवा’ एवढं त्यांच्याकडून कबूल करून घ्या. रुग्णाचा स्वतःचा तळहात बोटांसकट म्हणजे शरीराचा साधारण एक टक्का. त्याहून मोठं, किंवा चेहरा, हात, पाय, गुप्तांग, सांधे, वीज, कोंडलेल्या खोलीतला धूर, यातलं काहीही असलं तर १०८ बोलवा. पांढरी पडलेली आणि न दुखणारी जखम सर्वांत खोल असते, दुखत नाही म्हणून घरी ठेवतात ती हीच. खर्चाच्या भीतीने थांबणाऱ्यांना सांगा की महात्मा फुले जन आरोग्य योजनेत भाजण्यावरचे उपचार आहेत.

अशा बोलण्याने फरक पडतो याला आधार आहे. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला भाजल्यावरच्या प्रथमोपचाराची मोठी प्रसारमाध्यमी मोहीम झाली. तिच्यानंतर योग्य प्रथमोपचार करून येणाऱ्यांचं प्रमाण वाढलं आणि रुग्णालयात दाखल करावे लागणारे कमी झाले, असं तिथल्या डॉक्टरांनी २००४ साली प्रसिद्ध केलं. लक्षात घ्या, तिथेही संदेश एकच आणि करण्याजोगा होता, ‘आगीपासून सावध राहा’ असा नव्हता.

ज्या विषयावर भोंगा लावता येत नाही तो शेवटी घेते, पण तो कमी महत्त्वाचा नाही. भारतातल्या २००१ सालच्या आगीच्या मृत्यूंचा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये २००९ साली आला. त्यांनी काढलेला अंदाज १ लाख ६३ हजार मृत्यूंचा होता, त्यात सुमारे १ लाख ६ हजार बायका, आणि त्यातल्या बहुतेक १५ ते ३४ वयाच्या. स्वयंपाक तर साठीच्या बायकाही करतात. मग मरण तरुण सुनांकडेच का वळतं? वॉर्डात ‘भडका उडाला’ एवढंच सांगितलं जायचं, सासू उशाशी बसलेली असायची. म्हणून माझी विनंती आहे की ‘पदर सांभाळा, नायलॉनची साडी नको’ हे पोस्टर मुख्य करू नका. सुती कपडे घालून स्वयंपाक करावा हे खरंच, पण तेवढंच भिंतीवर लिहिलं की जळालेली प्रत्येक बाई निष्काळजी ठरते आणि घरातले सुटतात. त्यापेक्षा आशाताईंना एक सवय शिकवा: घरभेटीत सुनेशी पाच मिनिटं एकटीने बोलायचं, बाळाचं वजन घ्यायच्या निमित्ताने का होईना. १८१ आणि ११२ हे नंबर तिला तोंडपाठ करवायचे, कागदावर द्यायचे नाहीत, कागद सापडतो. मन खचलेली वाटली तर १४४१६ ही टेलिमानसची मोफत सेवा आहे. सून जे सांगेल ते गावच्या बैठकीत मिटवायला न्यायचं नाही.

राहिली प्रभातफेरी. मुलांना सकाळी घोषणा देत फिरवण्यात नुकसान काही नाही, फायदाही नाही. घेणारच असाल तर मुलांना एक घरचा अभ्यास द्या, नळीवरची तारीख लिहून आणायची. कोणत्या घरी नळी बदलायला हवी, याची यादी फुकट तयार होईल. जळालेल्या चेहऱ्यांचे फोटो मात्र कुठेही लावू नका. माणसं मान फिरवतात, आणि ज्यांचा चेहरा तसा आहे त्यांना त्याच चौकातून रोज जायचं असतं. व्याख्यानाऐवजी हरिनाम सप्ताहाच्या कीर्तनकारांना गाठा. दोन अभंगांच्या मध्ये त्यांनी ‘वीस मिनिटं पाणी’ म्हटलं की गाव ऐकतं.

हे सगळं एका हंगामात होणार नाही. पहिल्या वर्षी तीनच कामं घ्या: यार्डातली तारांची वही, कोप्यांची मांडणी आणि हळदीकुंकवातल्या नळ्या. वीस मिनिटं पाण्याचा संदेश या तिन्ही ठिकाणी सोबत चालवा. काम झालं की नाही हे किती पत्रकं वाटली यावरून मोजू नका. तुमच्या भागातलं ग्रामीण रुग्णालय आणि जिल्ह्याचं मोठं रुग्णालय, दोन्हीकडे अधीक्षकांना भेटून रीतसर परवानगी घ्या आणि भाजून येणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसामागे तीन प्रश्नांची नोंद ठेवायला सांगा: पाणी किती वेळ ओतलं, वर काय लावलं, भाजल्यापासून किती वेळात पोचले. रुग्णाचं नाव नको, फक्त गाव आणि कशाने भाजलं. ही नोंद मोहीम सुरू व्हायच्या आधीपासून, म्हणजे गळिताच्या किमान दोन महिने अगोदर सुरू झाली पाहिजे, नाहीतर तुलना कशाशी करणार? कॅज्युअल्टीतल्या सिस्टरना आधीच शंभर रजिस्टरं असतात, त्यामुळे नवीन वही देऊ नका. त्यांच्याच केसपेपरवर मारायला एक रबरी शिक्का करून द्या, तीन रिकाम्या ओळींचा.